संगीतोपचारक घडवायचा कसा?

रक्तदाबावर कोणता राग, निद्रानाशावर कोणता, असे तक्ते मुंबईतल्या आमच्या नातेवाइकांत नेमाने फिरतात आणि त्यावरून दोन तट पडतात: एकाला ते पूर्वजांचे ज्ञान वाटते, दुसऱ्याला निव्वळ भोंदूगिरी. लंडनमध्ये संगीतोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मला मात्र दोघांच्याही हातून निसटलेला प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला आहे: उपचार करणारी व्यक्ती काय शिकली आहे आणि तिच्या कामावर लक्ष कोणाचे आहे?

ब्रिटनमध्ये ‘म्युझिक थेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. मान्यताप्राप्त शिक्षण आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडील नोंदणी यांवाचून ती लावता येत नाही. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो. प्रवेशासाठी वाद्यावर हुकमत लागतेच, पण खरी कसोटी पुढे लागते. शाळेत, मनोरुग्णालयात, वृद्धाश्रमात देखरेखीखाली काम करायचे, सत्रात काय घडले ते पर्यवेक्षकापुढे मांडायचे आणि स्वतःही मानसोपचार घ्यायचे. कारण समोरच्याच्या गप्प राहण्याने आपण अस्वस्थ का होतो हे ज्याला उमगत नाही, तो ती शांतता आपल्या वादनाने बुजवून टाकतो.

हे कौशल्य मुंबईला परके नाही. गायकाच्या श्वासावरून पुढची जागा ओळखणारे पेटीवाले दादर-गिरगावच्या मैफलींनी पुष्कळ पाहिले आहेत, आणि उपचारकालाही मुख्य कलाकारापेक्षा साथीदाराचाच कान लागतो. उणीव आहे ती रुग्णांमधल्या अनुभवाची. नावापुढे ‘विशारद’ असले, तरी दोन दिवसांच्या कार्यशाळेने ती भरून निघत नाही.

अर्थात, इथले सगळे उचलून न्यावे असेही नाही. शुल्क जबर आहे (आमच्या घरच्यांना विचारावे), आणि सायनच्या बाह्यरुग्ण विभागात ताटकळलेल्या आईशी मराठी-हिंदीची सरमिसळ करत बोलण्याची तयारी इथे कोण करून घेणार? न्यावा तो परखडपणा. नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांच्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड देऊनही सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक पडला नाही, हा निष्कर्ष २०१७ मध्ये याच क्षेत्रातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला, आणि आम्हाला तो अभ्यासाला आहे.

म्हणून मुंबईत असा अभ्यासक्रम काढणाऱ्यांनी माहितीपत्रक छापण्याआधी विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या हाताखाली आणि किती तास काम करणार, हे ठरवावे. अमेरिकेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची ही अट किमान १२०० तासांची आहे.