‘दार बदलायचं सोडून पत्रा कसला कापत बसलात?’ – सांगलीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सांगलीकर साहेब, नमस्कार. कमेंट वाचली, चांगली झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे म्हणून सविस्तरच लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात – यांचं म्हणणं असं की आमच्या 1974 च्या पद्मिनीचं (प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी ‘फियाट’) दार खालून सडलं होतं तर एखाद्या टॅक्सीचं जुनं दार उचलायचं आणि लावून मोकळं व्हायचं, 2023 ला फियाट टॅक्सी बंद झाल्यापासून मुंबईत दारं भंगाराच्या भावात पडलीयत. आणि सिल (दाराखालचा बॉडीचा आडवा भाग) कापून नवीन बनवण्यापेक्षा वरून पत्रा मारून लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरली असती तर निम्म्या पैशात काम झालं असतं, मी उगाच लोकांना ‘ओरिजिनल’च्या नादी लावून खर्चात पाडतोय.

आधी ओरिजिनलचं. मला त्याचं काही सोवळं नाही हो. एका पद्मिनीचं दार दुसरीला लावलं म्हणून गाडी बाटत नाही, दोन्ही कुर्ल्याच्या त्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या. प्रश्न एवढाच की दार मिळतं कसलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी रजिस्टर झाली ऑक्टोबर 2003 मध्ये, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून ऑक्टोबर 2023 ला तीही गेली, म्हणजे तुम्ही म्हणता त्या 2023 ला राहिल्या होत्या त्या शेवटच्या मोजक्या, बाकीच्या कधीच कापून झाल्या होत्या. आणि आज जी दारं दिसतात ती मुंबईची खारी हवा नि पावसाळे खाऊन आलेली, पासिंगला गाडी न्यायच्या आधी लांबी मारून वर रंग चढवलेली. लांबून अगदी सरळ दिसतात. एका दाराला मी खिशातलं चुंबक लावून बघितलं, तर खालच्या कडेला ते धरेचना, वर सरकवत सरकवत नेलं तेव्हा कुठे हँडलच्या जरा खाली टक्क करून बसलं. म्हणजे मधलं सगळं लांबीच, पत्रा नावाला. असलं दार घेऊन मी करणार काय, माझंही खालूनच सडलंय की!

फियाटचं दार (फियाटचंच कशाला, कुठल्याही जुन्या गाडीचं) सडतं आतून. काचेच्या रबराजवळून पाणी आत उतरतं, उतरणारच, म्हणून तर दाराच्या तळाला ते जायला भोकं ठेवलेली असतात. ती धूळ-चिखलाने बुजली, किंवा कुणी शहाण्याने अंडरकोटिंग (गंज धरू नये म्हणून खालून मारायचा जाड थर) मारताना भरून टाकली, की पाणी तळाशी साचून राहतं आणि बाहेरचा पत्रा जिथे आतल्या फ्रेमवर दुमडलेला असतो त्या घडीत गंज धरतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत खेळ संपलेला असतो. आमच्या दाराची वरची तीन हिस्से बॉडी ठणठणीत होती, गंज फक्त तळाच्या पट्टीत, म्हणून तेवढीच पट्टी कापली, 20 गेजच्या पत्र्याची नवीन दुमडून आणली आणि कडेला कड लावून वेल्डिंगचे टाके मारले. एकावर एक चढवून नाही, कारण त्या जोडात परत ओल धरते. टाका इथे, मग एकदम तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर सपाट पत्रा तापून ताणतो आणि मग बोटाने दाबलं की टपाक टपाक आत-बाहेर करतो, आणि तो बसवायचा म्हणजे परत तापवा, ओलं फडकं मारा, ठोका, कटकट नुसती.

अजून एक, दुसऱ्या गाडीचं दार सहज बसतं हा गैरसमज आहे. ती गाडी कुठे ठोकली असेल, तिचे बिजागर किती झिजले असतील, त्या हिशोबाने ते दार कधीतरी कुणीतरी वाकवून बसवलेलं असतं. आपलं दार आपल्या चौकटीत आधीच बसलेलं असतं, त्याची किंमत धरा की.

आता सिल. इथे मात्र मी तुमचं अजिबात ऐकणार नाही. पद्मिनी म्हणजे मुळात 1953 ची इटलीची फियाट 1100, तिला वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडी हीच चेसिस. सिल म्हणजे दाराखालचा शोभेचा पत्रा नाही, आत-बाहेरचे पत्रे मिळून झालेला बंद डबा आहे तो, मधला खांब त्यावर उभा आहे, फ्लोअर त्याला जोडलेला आहे. त्यावर वरून पत्रा मारला की जुना गंज आत जिवंतच राहतो, वर ओल अडकायला आणखी एक फट मिळते, आणि जोर घ्यायला आत काही नसतंच. बाहेरून चकाचक. मग एक दिवस पंक्चर काढायला जॅक लावला की जॅक वर जातो, गाडी जागेवरच. ‘वरून मारलेल्या’ गाड्यांची दारं उघडून बघा, मागची दोन माणसं बसली की पुढचं दार घासायला लागतं.

कापायचं तर आधी दाराच्या चौकटीत अँगल टाके मारून आडवे बांधून घ्यायचे, कर्णाची मापं घ्यायची, वजन नीट टेकवायचं, मधोमध जॅक नाही, आणि एका वेळी एकच बाजू. आमच्या डेंटरने प्रत्येक टप्प्याला दार लावून लावून गॅप बघितला, मी चहा आणून द्यायचं काम केलं. शेवटी आतून प्रायमर, वेल्डिंग पूर्ण थंड झाल्यावर पोकळीत वॅक्स. वेळ गेला तो इथे, दारात नाही, आणि पैसेही इथेच गेले.

लांबीला माझा विरोध नाही, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत लेव्हल काढायला ती हवीच, तिच्याशिवाय सरळ फिनिश काढून देणारे ठोकारी आता राहिलेत किती? पण भोकात लांबी भरायची नाही. आणि तुमचं एक पूर्ण मान्य – डिकीचं झाकण पार चुरगळलेलं असेल तर ठोकत बसू नका, दुसरं घ्या, ते उलटं केलं की आतला सगळा सांगाडा समोर दिसतो, फसायला जागा कमी. दाराचं तसं नाही, आतला पुठ्ठा काढून टॉर्च मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

जाता जाता ते खाली ज्यांनी डुक्कर फियाटबद्दल (पद्मिनीच्या आधीची, पन्नाशीच्या दशकातली फियाट) विचारलंय त्यांना – तुमच्या गाडीची पुढची दारं मागून बिजागर असलेली, पद्मिनीचं दार तिथे कामाचंच नाही, त्यामुळे तुम्हाला कापून-जोडून करण्याशिवाय इलाज नाही.

आणि सांगलीकर साहेब, ती भंगाराच्या भावातली दारं खरंच कुठे बघितलीत? डाव्या बाजूचं मागचं, खालून शाबूत असलेलं दिसलं तर तळाच्या कडेचा फोटो टाका, रोख देऊन घेतो.