डिलनची लंडनवारी फुकट गेली नाही

'अभिनय जमला नाही, त्यामुळे डिलनची बीबीसीसाठीची लंडनवारी फुकट गेली' हे अमेरिकन गायक बॉब डिलनवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट' या बीबीसीच्या टीव्ही नाटकातली मुख्य भूमिका त्याला पेलेना, तेव्हा दिग्दर्शक फिलिप सॅव्हिलने तिची दोन पात्रं केली. संवाद अभिनेता डेव्हिड वॉर्नरकडे, गाणी डिलनकडे. ही उत्तम पात्रयोजना आहे! आमच्या एकांकिकेत तबला वाजवणाऱ्या मित्राला लांबलचक स्वगत दिलं होतं, तो पार आखडून जायचा. स्वगत काढून त्याला रंगमंचावर नुसतं वाजवत बसवलं आणि प्रवेश एकदम जिवंत झाला.

शिवाय त्याच मुक्कामात डिलनने इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थीकडून जुनी इंग्लिश लोकगीतं ऐकली. डिलनच्या 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' या गाण्यावर त्या गीतांची छाप उघड दिसते, पण लेखात याचा उल्लेखच नाही. खरं नुकसान १९६८ मध्ये झालं, बीबीसीने नाटकाचं चित्रण पुसून टाकलं तेव्हा. प्रेक्षकांनी घरी टेप केलेली काही गाणी तेवढी उरली. जानेवारी १९६३ मध्ये, त्या गाण्याची स्वतःची रेकॉर्ड यायच्या आधीच, २१ वर्षांचा डिलन ब्रिटिश टीव्हीवर 'ब्लोइंग इन द विंड' गातोय, हे आता कुणालाच पाहता येणार नाही याचं मला फार वाईट वाटतं.