जप्त केलेला पैसा कोणाच्या तिजोरीत जातो?

सोलापूरचा माझा मामेभाऊ, आमचा दादा, निवृत्तीचे पैसे पतसंस्थेत ठेवून बसला आणि संस्था बुडाली. फोनवर तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतो, "तुमच्या अमेरिकेत पोलीस लगेच जप्त करतात, खटल्याची वाट बघत नाहीत. आपल्याकडे संचालक बंगल्यात राहतात आणि ठेवीदार कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवतात." त्याचा संताप मला पूर्ण पटतो. अमेरिकेचा दाखला मात्र पटत नाही, कारण मी फिलाडेल्फियात राहते आणि या शहरात लगेच जप्त करण्याचं काय झालं हे इथल्या माणसांना ठाऊक आहे.

अमेरिकेतली ही जप्ती दिवाणी असते. खटला माणसावर नसतो, वस्तूवर असतो. 'अमेरिका विरुद्ध 1,24,700 डॉलर रोकड' अशा नावाचे खरेखुरे खटले इथल्या न्यायालयांत चालले आहेत. मालकावर आरोपपत्र नसलं तरी चालतं, तो निर्दोष सुटला तरी वस्तू जाऊ शकते. दिवाणी मामला असल्यामुळे सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्कही सहसा नसतो. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेच्या 2020 च्या अहवालात 21 राज्यांतल्या रोकड जप्तीची मध्यक रक्कम, म्हणजे रकमा चढत्या क्रमानं लावल्या तर मधोमध येणारी, सरासरी 1,276 डॉलर निघाली. एवढ्या रकमेसाठी वकील लावला तर फीच जास्त होईल, म्हणून बहुतेक लोक पैसे सोडून देतात. ड्रग्जचे बडे व्यापारी पकडायला आणलेला कायदा असा छोट्या माणसांच्या खिशावर येऊन थांबला.

हे का झालं, याचं उत्तर 1984 च्या केंद्रीय कायद्यात आहे. त्या वर्षापासून जप्तीचा पैसा तपास यंत्रणांच्या स्वतःच्या निधीत जाऊ लागला. स्थानिक पोलिसांनी केंद्रीय यंत्रणेशी हातमिळवणी केली तर त्यांना 80 टक्क्यांपर्यंत वाटा परत मिळतो. राज्याचा कायदा कडक असला तरी या वाटेनं त्याला वळसा घालता येतो. ज्याच्या पगाराची, गाड्यांची, ओव्हरटाइमची सोय जप्तीतून होते, त्याच्या हातात जप्तीचा निर्णय देणं ही या व्यवस्थेची मूळ चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

फिलाडेल्फियात तर सिटी हॉलमधल्या 478 नंबरच्या कोर्टरूममध्ये न्यायाधीशच नसायचे. सरकारी वकीलच कामकाज चालवायचे आणि जप्तीचा पैसा त्यांच्याच कार्यालयाला मिळायचा. एक तारीख चुकली की घर गेलं. दशकभरात हजाराहून जास्त घरं अशी गेली. एका कुटुंबाच्या मुलानं 40 डॉलरचं हेरॉइन विकलं म्हणून आईवडिलांचं घर सील झालं. आईवडिलांवर कसलाही आरोप नव्हता. 2014 मध्ये त्यांनी आणि इतरांनी शहरावर दावा लावला. 2018 च्या तडजोडीत 30 लाख डॉलरची भरपाई ठरली आणि जप्तीचा पैसा पोलीस व सरकारी वकिलांऐवजी व्यसनमुक्ती आणि प्रतिबंधाच्या कामाला द्यायचं ठरलं. मला त्या तडजोडीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

न्यू मेक्सिकोनं 2015 मध्ये, नेब्रास्कानं 2016 मध्ये आणि मेननं 2021 मध्ये दिवाणी जप्ती बंद केली. तिथे आधी दोषसिद्धी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये टिंब्स खटल्यात सांगितलं की अवाजवी दंडाची घटनात्मक मनाई राज्यांनाही लागू आहे. त्या खटल्यातली जप्त गाडी 42,000 डॉलरची होती, गुन्ह्याचा कमाल दंड 10,000. पण 2024 मध्ये त्याच न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं की जप्तीचा निकाल लागेपर्यंत गाडी अडकवून ठेवावी की नाही यासाठी वेगळी प्राथमिक सुनावणी देणं बंधनकारक नाही. त्या प्रकरणात एक आई, मुलानं नेलेल्या आणि अलाबामात जप्त झालेल्या गाडीसाठी, दीड वर्षाहून जास्त काळ वाट बघत होती.

आता आपल्याकडचं. ठेवीदार संरक्षणाच्या 1999 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात, म्हणजे एमपीआयडीत, मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते आणि विक्रीचे पैसे ठेवीदारांत वाटायचे असतात. पोलिसांचा त्यात वाटा नाही. हे अमेरिकेपेक्षा कितीतरी चांगलं आहे आणि जपण्यासारखं आहे. दादाचं दुःख उशिराचं आहे. मूल्यांकन, हरकती आणि लिलावात वर्षं जातात. त्यावर उपाय मुदतीचा, जादा अधिकाऱ्यांचा आणि विशेष न्यायालयांचा आहे. पोलिसांना जास्त मोकळीक दिल्यानं लिलाव लवकर होत नाही.

आणि मोकळीक आधीच कमी नाही. मनी लाँडरिंगच्या कायद्यात पैसा स्वच्छ असल्याचं आरोपीनं सिद्ध करायचं असतं आणि जुलै 2022 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 107 नुसार पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीनं तपासी अधिकारी जप्तीसाठी न्यायालयाकडे अर्ज करतो, 14 दिवसांची नोटीस निघते आणि मालमत्ता गुन्ह्यातून आलेली ठरली तर जिल्हाधिकारी ती 60 दिवसांत पीडितांमध्ये वाटतात. दोषसिद्धीची वाट बघावी लागत नाही. पीडितांना पैसे देण्याचा हेतू मला मनापासून मान्य आहे, पैसा पोलिसांकडे जात नाही हेही बरं आहे. पण ज्या फ्लॅटवर आरोपीच्या बायकोचं किंवा आईचं नाव आहे, तिला 14 दिवसांत कागद कोण जमवून देणार, वकील कोण देणार? खटला पुढे उभाच राहिला नाही तर वाटून टाकलेले पैसे तिला कुठून परत मिळणार? राहतं घर दोषसिद्धीपर्यंत विकायचं नाही आणि नोटिशीसोबतच विधी सेवा प्राधिकरणाचा वकील द्यायचा, एवढ्या दोन दुरुस्त्या राज्यानं मागाव्यात. दादासारख्या ठेवीदारांच्या संघटनांनीच त्या मागितल्या तर त्यांना कोणी गुन्हेगारांची बाजू घेतली असं म्हणू शकणार नाही.