माझ्याकडून लाईन बंद होती

उद्या वर्ष होईल. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर आत्तापासूनच त्याचे फोटो पडायला लागलेत, हार घातलेले, आणि खाली तेच वाक्य, जीवाची पर्वा न करता सेवा करणारा आमचा लाईनमन. हे वाचलं की डोकं फिरतं माझं. अरे पर्वा होती त्याला! ३४ वर्षांचा होता, पोरगी नुकती बालवाडीत जायला लागलेली, पर्वा नसेल कशी?

नाव लिहीत नाही, त्याच्या आईला लोक अजून फोन करून तेच तेच विचारतात.

मी सबस्टेशनला ऑपरेटर. लाईनवर काम असलं की तो मला फोन करून परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यायचा, मी ब्रेकर पाडून लाईन बंद करायचो, रजिस्टरला वेळ लिहायचो, मग तो पोलवर. गावातली माणसं खाली उभी राहून ओरडायची, चढ रे पटकन मॅच चालू आहे, पण हा परमिटशिवाय पोलला हात लावायचा नाही. त्याला भित्रा म्हणणारे होते, त्यातलेच दोघंतिघं आता श्रद्धांजलीत पुढे.

निसर्ग वादळ आठवत असेल, ३ जून २०२०. दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यात सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या, लाईन कुठली आणि झाड कुठलं कळत नव्हतं. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं आली मदतीला, त्यात लॉकडाऊन, चहाची टपरीसुद्धा बंद. वाडीत क्रेन जात नाही म्हणून यांनी पोल खांद्यावर वाहिले. पक्कडीची मूठ फाटली तर हा काळी टेप गुंडाळून तीच वापरत राहिला, शेवटपर्यंत तीच होती त्याच्याकडे. एका घरी कितीतरी दिवसांनी लाईट आली तर आजीने त्याच्या हातावर साखर ठेवली, हा म्हणतो आजी हीच चहात टाका ना, दोन दिवस चहा नाही मिळालाय.

तर गेल्या जुलैतली गोष्ट. रात्री पावसात फांदी पडून ११ केव्हीची तार तुटली. फोन आला, "बंद आहे ना रे?" मी म्हटलं, "बंद आहे." आणि बंदच होती, ब्रेकर मी माझ्या हाताने पाडलेला. त्याने सबस्टेशनच्या बाजूच्या तारेला अर्थिंग केलं, म्हणजे तार जमिनीला जोडली, करंट येणार तर तिकडूनच असं कुणीही धरून चालतो. पुढच्या तुकड्याला केलं नाही. नियम दोन्ही बाजूंचा आहे, हे मी लपवत नाही.

त्या पुढच्या तुकड्यावर एकच डीपी, आणि त्या डीपीवर एक बंगला, बंगल्यात जनरेटर. चेंजओव्हर, म्हणजे जनरेटर लावताना घर बाहेरच्या लाईनपासून तोडणारा स्विच, नाही. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर सरळ घरातल्या सॉकेटात खुपसलेला, मेन स्विच पाडलेला नाही. आता डीपी म्हणजे काय, वरचे ११,००० व्होल्ट उतरवून तुमच्या घरी २३० देणारं यंत्र, पण तेच उलटंही चालतं ना! घरातून २३० मागे गेले की वर तारेवर परत हजारोंनी व्होल्ट तयार. बंगल्यात पंखे चालू होते आणि तिकडे पोलवर हा.

बंगलेवाले वाईट नाहीत, त्यांना माहीतच नव्हतं म्हणे. खरं असेल. मला त्यांच्यावर ओरडायचंही नाही आता. पण उद्या हाराचा फोटो टाकण्याआधी आपापल्या घरचा जनरेटर कसा जोडलाय ते जाऊन बघा, तशी वायर असेल तर कापून फेका, वायरमन बोलावून चेंजओव्हर बसवून घ्या. इन्व्हर्टरही कुणी आपल्या अकलेने जोडला असेल तर तोही दाखवून घ्या. फोटो नाही टाकलात तरी चालेल.

रजिस्टरमध्ये त्या रात्रीच्या परमिटसमोर, काम संपवून ते परत केल्याच्या सहीचा रकाना रिकामा आहे. वहिनी एकदा सबस्टेशनला आलेल्या कागदांसाठी, त्यांना ते पान दिसू नये म्हणून मी वर चहाचा ट्रे ठेवला.

त्याच्या जागी नवीन पोरगा आलाय, चांगला आहे. काल रात्री त्याचा फोन आला, "साहेब, बंद आहे ना?"

म्हटलं, "माझ्याकडून बंद आहे. तू दोन्हीकडे अर्थिंग कर, झालं की फोन कर, मी फोन धरून बसलोय."