‘पंचवीस हजारांत पंचेचाळीस हॉर्सपॉवर’: जुन्या सेडानबद्दलचा हा मेसेज का खोटा आहे

बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर भागात गाड्यांचं वेड असलेल्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘जुनी अकॉर्ड, कॅमरी, सोनाटा किंवा सुपर्ब घेतलीय? पंचवीस हजारांत ४५ हॉर्सपॉवर वाढवा. कोन फिल्टर लावा, १० वाढतील. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फ्री-फ्लो सायलेन्सर बसवा, १५ वाढतील. ओबीडीला चिप लावा, २० वाढतील. वर इरिडियम प्लग आणि १०० ऑक्टेनचं पेट्रोल. मग स्प्रिंग कापून गाडी खाली घ्या आणि १७ इंची अलॉय टाका. ब्रेक आणि शॉकॉपवर पैसे घालवू नका, मोठ्या गाडीला कंपनीचेच दणकट असतात.’

पुण्या-मुंबईकडची पंधरा-अठरा वर्षांची मोठी सेडान आज नव्या मोटारसायकलच्या भावात मिळते, म्हणून आपल्याकडे बरेच जण ती घेतात. गाडी चांगली असते, इंजिन तर फारच चांगलं असतं. पण हातात पैसे मोजकेच असतात, आणि ते आधी कुठे घालायचे हे असा मेसेज ठरवणार असेल तर त्याला मुद्द्यागणिक उत्तर द्यायला हवं. शेवटची ब्रेकची ओळ मला सगळ्यांत धोकादायक वाटते. तिच्याकडे येतोच, पण आधी पॉवरचा हिशेब बघू.

२.४ लिटरची जुनी अकॉर्ड मूळची १४० हॉर्सपॉवरच्या आसपासची. त्यात ४५ वाढवायचे म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वाढ. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनातून तेवढी जादा ताकद काढायची तर तेवढीच जादा हवा आणि जादा पेट्रोल आत गेलं पाहिजे. हे इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ७२०० लिटरपर्यंत हवा ओढतं. नव्या, स्वच्छ कागदी फिल्टरमुळे त्या हवेच्या दाबात पडणारी घट फार तर दोन-तीन टक्के. म्हणजे फिल्टर अजिबात नसता तरी १० हॉर्सपॉवर मिळाले नसते. तुंबलेला फिल्टर बदलून फरक पडतो, पण तो फरक नव्या फिल्टरचा, आणि कंपनीच्या साईजचा कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो.

उलट कोन फिल्टरने (शंकूच्या आकाराच्या उघड्या एअर फिल्टरने) पॉवर कमीही होते. कंपनीने हवेचा पाइप ग्रिलच्या मागून किंवा फेंडरमधून घेतलेला असतो, कारण तिथे बाहेरची थंड हवा मिळते. कंपनीचा फिल्टरचा डबा काढून उघडा कोन बसवला की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं. हवा दर ३ अंशांनी तापली की साधारण एक टक्क्याने विरळ होते. एप्रिलमध्ये बेळगावच्या चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली बाहेरपेक्षा २० अंश जास्त असणं काही विशेष नाही. म्हणजे सहा-सात टक्के तिथेच गेले. आवाज मात्र मोठा येतो, आणि त्या आवाजालाच लोक पिकअप समजतात. शिवाय तेल लावलेल्या कोनचं तेल उडून एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसलं की सेन्सर चुकीचं माप देतो. खानापूरकडची लाल धूळ आणि हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात उडणारी राख लक्षात घेता आपल्याकडे चांगल्या गाळणीची गरज जास्तच आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण याच कारणाने हा मेसेज लोकांना खरा वाटतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास कमी, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच कमी. तीच गाडी चोर्ला घाट उतरून पणजीला गेली की दहाएक हॉर्सपॉवर आपोआप परत येतात. उकाडा त्यातले एक-दोन खातो, पण फरक पायाला जाणवतो. फिल्टर शनिवारी बसवला, रविवारी गोव्याला गेलो आणि गाडी पळायला लागली, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. श्रेय फिल्टरला देतो, एवढंच चुकतं.

सायलेन्सरच्या १५ हॉर्सपॉवरचंही तसंच आहे. टर्बो नसलेल्या गाडीत फक्त मागचा डबा बदलून हाती येतात ते दोन-चार. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, काढणं ही वेगळीच गोष्ट. ते काढलं की मागचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटून राहतो, पीयूसी नीट निघत नाही आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. कन्व्हर्टर खरोखर तुंबलेलं असेल, गाडी वरच्या आरपीएमला दम टाकत असेल, तर ते तपासून नवं बसवा. त्याने गेलेली पॉवर परत येते.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकात असलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर वेगळा दंड, १०,००० रुपयांपर्यंत. आपली गाडी आठवड्यात तीन राज्यांच्या पोलिसांसमोरून जाते. कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ल्याच्या पुढे गोवा. एका नाक्यावर ओळखीने सुटाल, दुसऱ्यावर नाही. त्यात पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी आरटीओ गाडी प्रत्यक्ष तपासतो. ज्या गाड्यांबद्दल हा मेसेज आहे त्यांतल्या बहुतेक याच वयाच्या आहेत.

हजार-पंधराशेची ओबीडी चिप (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायची) म्हणजे शुद्ध फसवणूक. उघडून बघा, आत दिवे लुकलुकवणारी छोटी पाटी असते. इंजिनाच्या ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, नकाशा बदलायची ताकद तिच्यात नसते. खरं रिमॅपिंग वेगळं. त्यात ईसीयूमधलं सॉफ्टवेअर वाचून बदलतात, आणि टर्बो गाडीत त्याने २० ते ३० टक्के ताकद खरोखर वाढते. टर्बो नसलेल्या अकॉर्ड-कॅमरीत मात्र हाती फारसं लागत नाही.

मग टर्बो सुपर्बवाल्यांनी रिमॅप करावा का? थांबा. २००९ नंतरची १.८ टीएसआय सुपर्ब मूळची १६० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची). तिच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, आणि त्या गिअरबॉक्सची मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे कंपनीनेच तो काठोकाठ वापरलाय. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या क्लचवर आणखी ७०-८० न्यूटन-मीटर टाकले तर तो घसरणार. त्या क्लचच्या आणि मेकॅट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटच्या) खर्चात दुसरी जुनी गाडी येईल. मॅन्युअल गिअरची गाडी असेल, कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नीट असेल, टर्बो आणि कूलिंग ठीक असेल, तर रिमॅपचा विचार करता येतो. पण ते काम पंचवीस हजारांच्या यादीत पहिल्या नंबरावर येत नाही.

इरिडियम प्लग जास्त टिकतात, पॉवर वाढवत नाहीत. कंपनीने सांगितलेल्या नंबरचे नवे प्लग आणि एखादी कमजोर झालेली इग्निशन कॉइल बदलली तर जुन्या गाडीत मोठा फरक पडतो, कारण आधी मिसफायर होत होता, म्हणजे ठिणगी चुकत होती.

पेट्रोलबद्दलचा गैरसमज जुना आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमधल्या दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट न घेण्याची, म्हणजे नॉकिंग टाळण्याची ती क्षमता. ज्या इंजिनात नॉकिंग होत नाही तिथे १०० ऑक्टेनने काही वाढत नाही. टर्बो गाडीला कडक उन्हात घाट चढताना ९५ ऑक्टेनचा थोडा फायदा होऊ शकतो, एवढं मान्य. जुन्या गाडीने खरी काळजी करायची ती इथेनॉलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, ते शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. अशा इंधनासाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्क्यांनी कमी होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. जुन्या रबरी फ्युएल होज आणि ओ-रिंग कडक होऊन पाझरू लागतात. १०० ऑक्टेनच्या चार टाक्यांचे पैसे या होज बदलण्यात घाला.

आता चाकं आणि स्प्रिंग. २०५/६५ आर १५ टायर काढून २१५/५० आर १७ बसवला तर चाकाची एकूण उंची तीच राहते, स्पीडोमीटर चुकत नाही, इथवर ठीक. पण रबराची बाजू १३३ मिलिमीटरवरून १०७ वर येते. खड्ड्याचा मार झेलणारं एक इंच रबर गेलं, आणि पाऊस संपल्यावर चोर्ल्याच्या रस्त्याची काय दशा होते ते इथे कोणाला सांगायला नको. रिम वाकते, टायरला फुगा येतो. वजनदार स्वस्त अलॉयने पिकअप आणि ब्रेक दोन्ही मंदावतात. कापलेली स्प्रिंग तर बसवूच नये. खड्ड्यातून चाक लोंबकळलं की ती आपल्या वाटीतून सरकू शकते.

उरला ब्रेकचा मुद्दा. ‘कंपनीचे दणकट असतात’ हे गाडी नवी होती तेव्हाचं खरं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोरं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४० वर. दीड टनाची सेडान चार माणसं आणि सामान घेऊन आंबोली किंवा चोर्ला उतरताना ब्रेक किती तापतात ते उतरल्यावर चाकाजवळ हात नेलात की कळतं. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. खानापूर, कणकुंबी, आंबोली या दमट पट्ट्यात राहणाऱ्याने दर दोन वर्षांनी ऑइल बदललंच पाहिजे. खर्च हजार रुपयांच्या आसपास. मेसेजमधल्या एकाही वस्तूला या हजार रुपयांची सर नाही.

दुसरं, ऊस. गाळपाच्या हंगामात रात्री संकेश्वर-गडहिंग्लज किंवा निपाणी-चिकोडी रस्त्यावर गाडी चालवा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यात झाकलेला. डिपरच्या उजेडात पन्नास-साठ मीटरवरचं दिसतं. १०० च्या वेगात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, आणि चांगल्या टायर-ब्रेकवर कोरड्या रस्त्यात थांबायला आणखी पंचेचाळीसेक मीटर लागतात. बेरीज ७३. त्यात टायर कडक झालेले आणि शॉकॉप (शॉक अॅब्सॉर्बर) गेलेले असतील तर ट्रॉलीची धडक चुकत नाही. ८० च्या वेगात हीच बेरीज पन्नासच्या आसपास येते. अशा रस्त्यावर आधी पिकअप वाढवायचा सल्ला देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

म्हणून पंचवीस हजार हातात असतील तर आधी टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी पावसात धरत नाही, आणि जुन्या सेडानवर विक्रेत्याने असेच टायर ठेवलेले असतात. चारही नवे घ्यायचे तर बजेट तिथेच संपेल, संपू द्या. टायर चांगले असतील तर ब्रेक ऑइल, पॅड आणि डिस्क बघा. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. तेवढी शिल्लक असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर डिस्क साफ करून मिळते, नसेल तर लेथवाल्याला ‘थोडी तरी फिरव’ म्हणून गळ घालू नका, नवी घ्या. लोअर आर्मचे बुशही (चाकाच्या जोडणीतले रबरी सांधे) तिथेच हायड्रॉलिक प्रेसवर नीट बसवून मिळतात. मागचे-पुढचे शॉकॉप जोडीनेच बदला आणि मग अलाइनमेंट करा. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्या. साध्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी (झगझगीत गॅसचे) बल्ब घालू नका, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

ही कामं झाल्यावर वंटमुरी घाटाच्या वळणांवर गाडी आधीपेक्षा कमी झुकते, ब्रेकला सरळ थांबते, स्टिअरिंगमधली थरथर जाते. त्यानंतरही पॉवर कमी वाटली तर मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून घ्या, थ्रॉटल बॉडी साफ करा, थर्मोस्टॅट आणि कूलंट बदला. १४० हॉर्सपॉवरच्या जुन्या इंजिनात प्रत्यक्षात ११५-१२० च शिल्लक असतील तर आधी ते वीस परत मिळवायचे, आणि ते याच कामांतून मिळतात.