आठ कॅमेरे एका पट्टीवर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फोटोंवरून दृश्याचा थ्रीडी आकार कसा काढतात यावरचा माझा लेख वाचून, आणि एका पट्टीवर आठ कॅमेरे बसवून प्रयोग केल्यावर, तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत. तुमचे आक्षेप दोन आहेत. 'कॅमेरे वाढवून फायदा नाही' हे माझं वाक्य चूक, आणि 'नुसत्या फोटोंवरून खरं माप कळत नाही' हेही चूक, कारण तुमचा फोन भिंतीची लांबी मोजून दाखवतो.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. ते वाक्य मी घाईत लिहिलं. खुर्चीमागचा कोपरा एका कॅमेऱ्याला दिसत नसेल तर दुसऱ्याला दिसतो, तेवढ्यासाठी तरी कॅमेरे जास्त हवेतच. पण तुमचे आठही एका पट्टीवर खेटून बसवलेत, आणि घोडं तिथेच अडतं. खोली (म्हणजे डेप्थ, वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते; रूम आणि डेप्थ दोन्हींना आपला शब्द एकच, त्यामुळे या विषयावर लिहिताना नेहमी पंचाईत होते) मिळते ती तोच बिंदू दोन चित्रांत किती सरकला यावरून. दोन कॅमेऱ्यांत १० सेंटीमीटर अंतर आणि फोकल लेंग्थ (लेन्सपासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर, इथे चित्राच्या ठिपक्यांत म्हणजे पिक्सेलमध्ये मोजलेलं) १००० पिक्सेल धरा. २ मीटरवरची वस्तू ५० पिक्सेल सरकते; जुळवणी एका पिक्सेलने चुकली तर खोली साधारण ४ सेंटीमीटरने चुकते. १० मीटरवरची वस्तू सरकतेच मुळी १० पिक्सेल, आणि त्याच एका पिक्सेलपायी मीटरभर चूक होते. अंतर पाचपट, चूक पंचवीसपट! खेटून बसलेले आठ कॅमेरे सरासरीने ती थोडी खाली आणतील. त्यापेक्षा दोनच कॅमेरे एकमेकांपासून मीटरभर लांब ठेवा, चूक दहापट कमी होईल. फार लांब नेलेत तर मात्र तोच बिंदू दोन्हीकडे ओळखू येत नाही. कोऱ्या भिंतीवर तर ओळखायला बिंदूच नसतो, आणि आरसा असला की सॉफ्टवेअर पलीकडे आणखी एक खोली (यावेळी रूम) बांधून देतं.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. फोनमध्ये कॅमेऱ्याशिवाय ॲक्सिलरोमीटर (फोनच्या हालचालीचा वेग किती बदलतो ते मोजणारा सेन्सर) असतो, काहींत लायडारही (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर). मीटरमधलं खरं माप तिथून येतं. बाहुलीघरात हुबेहूब छोटी खोली केली आणि कॅमेऱ्यांमधलं अंतरही त्याच प्रमाणात घटवलं, तर फोटो तेच येतील. लाँग्वे-हिगिन्स या शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं की दोन चित्रांतल्या आठ जुळणाऱ्या बिंदूंवरून कॅमेऱ्यांची परस्पर स्थिती आणि दृश्याचा आकार काढता येतो. पण आकारच, मोजमाप नाही. तुमच्या पट्टीवरच्या प्रयोगात माप बरोबर आलं, कारण कॅमेऱ्यांमधलं अंतर तुम्ही आधी टेपने मोजून भरलं होतं.

टोकाचे दोन कॅमेरे पट्टीवरून उतरवून, मीटरभर लांब ठेवून एकदा बघा. आकडे आले की इथेच टाका, मूळ लेखातलं ते वाक्य मी आज दुरुस्त करतोच आहे.