कान्टोमधल्या चिल्लर ट्रेनर लोकांचं रेटिंग (मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा)

पोकेमॉन म्हटलं की सगळे ब्रॉक, मिस्टी, लेफ्टनंट सर्ज यांच्याबद्दल, म्हणजे जिममधल्या बड्या ट्रेनरांबद्दल (ट्रेनर म्हणजे पोकेमॉन नावाचे प्राणी लढवणारा) बोलतात, फार तर जिओव्हानी. पण खरं सांगा, कान्टो प्रदेशात घडणारा फायररेड हा पोकेमॉन गेम खेळताना तुमचा किती वेळ जिममध्ये गेला आणि किती वेळ रस्त्यात उभ्या असलेल्या त्या फालतू नगांशी मारामारी करण्यात गेला? जिम लीडर बिचारा आपल्या जागी गप उभा असतो, आपण जाऊन बोललो तरच लढतो. रस्त्यावरचे तसे नाहीत. हे एका दिशेला टक लावून उभे, त्यांच्या नजरेच्या रेषेत आपलं एक पाऊल पडलं की डोक्यावर उद्गारचिन्ह, आणि मग साहेब एकेक पाऊल टाकत आपल्याकडे येणार, आपल्याला हलता येणार नाही. आपला पोकेमॉन चारमँडर शेवटच्या चार एचपीवर (म्हणजे जीव जायला आलेला), त्यात पॉयझन झालेला, पोशन (औषध) संपलेलं, पुढच्या वळणावर पोकेमॉन सेंटर, म्हणजे त्यांचा दवाखाना, आणि हा येऊन काय सांगतो तर मला हाफ पँट आवडते.

सध्या फोनवर परत फायररेड लावलाय. शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन बघायचो आणि मग पीसीवर एम्युलेटर टाकून हाच गेम, पण तेव्हा इंग्रजी वाचायचा कंटाळा, ए बटण बडवत सुटायचं. यावेळी ठरवून प्रत्येकाचा डायलॉग नीट वाचला. आणि वाचल्यावर माझं ठाम मत झालंय की हा गेम जिम लीडरचा नाहीच, या चिल्लर लोकांचा आहे. हा गेम बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीत कोणीतरी बसून या शेकडो नगण्य माणसांना प्रत्येकी दोन-तीन वाक्यं लिहून दिलीयेत, लढाईआधी एक, हरल्यावर एक, नंतर परत जाऊन बोललात तर अजून एक. म्हणून त्यांचं रेटिंग. फॉर्म्युला सोपा आहे, आवेश भागिले लायकी. तुमच्याकडे दम जितका कमी आणि तोरा जितका जास्त, तितके मार्क जास्त. ताकदवान असाल तर नापास.

सुरुवात अर्थातच रूट ३ वरच्या यंगस्टरपासून. हा तोच हाफ पँटवाला. मूळ गेम रेड-ग्रीन जपानमध्ये १९९६ साली आले, त्यानंतर २००४ मध्ये फायररेड आला, ग्राफिक्स बदलले, रंग आले, पण याची हाफ पँट आहे तिथेच. अनोळखी माणसाला रस्त्यात अडवून पहिलं वाक्य काय, तर शॉर्ट्स घालायला सोप्या असतात आणि त्यात मस्त मोकळं वाटतं. विषय काय, संदर्भ काय, काही नाही. हातात लेव्हल ११ चा रटाटा आणि लेव्हल ११ चा एकान्स. पण याच्यापेक्षा मला आवडतो त्याच रस्त्यावर थोडा पुढे उभा असलेला दुसरा पोरगा, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. तो आपल्याला बघून ओरडतो की ए, तू शॉर्ट्स नाही घातल्यास! म्हणजे पहिला नुसता आवड सांगत होता, हा थेट जाब विचारतोय. हरल्यावर सांगतो की मी बारा महिने शॉर्ट्स घालतो, हिवाळ्यातसुद्धा. अहो, एकाच रस्त्यावर दोन कार्यकर्ते म्हणजे ही चळवळ आहे. पहिल्याला ९, दुसऱ्याला साडेनऊ.

तिथेच एक लास (पोरगी ट्रेनर) उभी असते, तिच्यासमोर जाऊन उभं राहिलं की किंचाळते, हात लावलास का मला? बाई, तूच चालत आलीस माझ्याकडे. जिग्लीपफ आहे तिच्याकडे. ६.

आता बग कॅचर, म्हणजे किडे पकडणारी पोरं. व्हिरिडियन फॉरेस्टमध्ये टोपी घालून, हातात जाळी घेऊन उभे असतात, आणि गेममधली आपली पहिली खरी मारामारी बहुतेकदा यांच्याशीच होते. यातला एक आहे त्याची टीम बघा, मेटापॉड, कॅटरपी, परत मेटापॉड. त्या मेटापॉडला एकच गोष्ट येते, हार्डन. तो काही करत नाही, फक्त कडक होतो. आपण टॅकल मारायचं, तो कडक होणार, परत टॅकल, तो अजून कडक, सहा वेळा कडक झाला की गेमच सांगतो की आता याचा डिफेन्स याच्यावर जाणार नाही, तरी तो सातव्यांदा प्रयत्न करतो. आणि चुकून आपणही मेटापॉडच बाहेर काढला असेल तर बघायलाच नको, हार्डनचे तीस-तीस पीपी (चाल वापरायची मर्यादा) दोघांकडे, दोघंही समोरासमोर कडक होत बसणार, पीपी संपले की स्ट्रगल, म्हणजे नाइलाजाची शेवटची चाल, सुरू. इतकं सगळं करून त्या पोराला वाटतं की आपण लढतोय. मी याला १० देणार होतो पण एक मार्क कापतोय कारण फार वेळ खातो. बाकीच्या बग कॅचर्सना सरसकट ७, त्याखाली देववत नाही, कारण हा गेम ज्याच्या डोक्यातून आला तो सातोशी ताजिरी लहानपणी स्वतःच किडे गोळा करत हिंडायचा, पोरं त्याला डॉक्टर बग म्हणायची. म्हणजे जंगलात उभा राहून हरणारा तो टोपीवाला पोरगा कोण आहे ते समजून घ्या.

प्यूटर सिटीच्या जिममध्ये ब्रॉकच्या आधी एकच पोरगा लागतो, कॅम्पर. हा आपल्याला सांगतो की ब्रॉकसमोर उभं राहायला तुला अजून दहा हजार प्रकाशवर्षं आहेत. ब्रॉक त्याच्या मागे दिसतोय हो, चार पावलांवर. एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, त्याचे दहा हजार. पण मजा पुढे आहे. आपण त्याचा जिओड्यूड आणि सँडश्रू झोपवतो, आणि हरल्या हरल्या तो कपाळावर हात मारतो की छ्या, प्रकाशवर्ष वेळ मोजत नाही, अंतर मोजतं! हरण्याचं दुःख नाही, विज्ञानात चुकलो याचं दुःख. आमच्या वर्गात असली पोरं होती, कबड्डीत हरायची आणि परत येताना पेपरातल्या गणिताबद्दल बोलायची. १०. निर्विवाद.

माउंट मूनच्या तळाला बसलेला सुपर नर्डही चांगलाय. दोन फॉसिल सापडलीत, दोन्ही माझीच म्हणतो, बाजूला कोणी नाही. ग्राइमर, व्होल्टॉर्ब, कॉफिंग, तिन्ही लेव्हल १२. हरला की लगेच समजूतदार होतो, बरं बरं, वाटून घेऊ, एक तुला एक मला. इथं मला त्याचा एक गुण आवडतो तो म्हणजे एकदा वाटणी ठरली की तो शब्द पाळतो, वर फुकटची माहितीही देतो की लांब सिनाबार आयलंडवर लॅब आहे. भावाभावांच्या वाटण्या इतक्या पटकन होत नाहीत. ८.

नगेट ब्रिजवर पाच जणांना ओळीने हरवलं की पुलाच्या टोकाला एक गृहस्थ नगेट (सोन्याचा गोळा) बक्षीस देतो. विकलं तर पाच हजार, त्या टप्प्यावर मोठी रक्कम. आपण खूश. आणि मग तो गोड बोलून विचारतो, टीम रॉकेटमध्ये (गेममधली गुन्हेगार टोळी) येणार का? लग्नाच्या जेवणात शेजारी बसून आधी जिलेबी वाढणारे आणि मग स्वतःचा बिझनेस, पॅसिव्ह इन्कम वगैरे सुरू करणारे काका असतात ना, अगदी तेच. नाही म्हणायचा पर्यायच देत नाही, स्वतःच ठरवतो की आता जबरदस्ती करावी लागेल, आणि काढतो काय तर एकान्स आणि झुबॅट. हरल्यावरही म्हणतो तू टीम रॉकेटमध्ये फार वर गेला असतास. माणूस हरला पण पिच सोडली नाही. ८.

टीम रॉकेटवर स्वतंत्र पोस्ट होईल खरं तर. सेरुलियनमध्ये एका घरात चोरी होते, भिंतीला भोक पाडलेलं, त्या भोकातून मागच्या अंगणात गेलं की चोर तिथेच उभा. पळाला नाही. लांब गेला नाही. टीम रॉकेटच्या युनिफॉर्ममध्ये, ज्यावर छातीवर भलामोठा आर आहे, त्यात उभा राहून सांगतो की मी तर नुसता इथून चाललेला साधा माणूस आहे. हरला की चोरीचा टीएम (पोकेमॉनला चाल शिकवणारी वस्तू) काढून देतो, डिग, म्हणजे खणायची चाल. ज्याने भोक पाडायचं शिक्षण चोरलं तो भोक पाडून पळू शकला नाही. ९.

पण टीम रॉकेटचा, आणि माझ्या मते अख्ख्या कान्टोचा राजा म्हणजे सेलाडॉनच्या गेम कॉर्नरमधला तो. खालच्या तळघरात त्यांचा गुप्त अड्डा आहे. त्याचं बटण एका पोस्टरमागे आहे. कोणाला कळू नये म्हणून एक माणूस त्या पोस्टरसमोर उभा केलाय. इथपर्यंत ठीक. आपण जाऊन बोललो की तो म्हणतो, मी या पोस्टरवर पहारा देतोय, निघ इथून! अरे बाबा, कोणी विचारलं तुला? गेम कॉर्नर आहे, लोक स्लॉट मशीनमध्ये डोकं घालून बसलेत, तू नुसता भिंतीकडे बघत उभा राहिला असतास तर आयुष्यात कोणाला पोस्टर दिसलं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हरल्यावर काय करतो, तर आपल्यासमोर मोठ्याने म्हणतो की अड्ड्याचा पत्ता लागेल, बॉसला सांगायला पाहिजे, आणि आपल्या डोळ्यांदेखत निघून जातो. बटण उघडं टाकून. लिहिणाऱ्याचे हात धरावेत असं वाटतं. १० पैकी १२.

यानंतर बाकीचे फिके पडतात म्हणून पटापट घेतो. बर्ड कीपर, १. रूट १३, १४, १५ वर भरलेत नुसते. पिजी, पिजोटो, डोडुओ, परत पिजी. एक इलेक्ट्रिक पोकेमॉन पुढे ठेवा आणि झोपा. बोलायलाही काही नाही यांच्याकडे. स्विमर, २, आणि तेही पोहतायत म्हणून. रूट १९ पासून पुढे समुद्रभर टेंटाकूल, आणि लेव्हल ३० चे पोकेमॉन हरवल्यावर हातात येतात १२०. एकशे वीस! ठीके, पोहायच्या चड्डीला खिसा नसतो, मान्य. याउलट एसएस ॲन जहाजावरचे जंटलमन लोक, दोन लेव्हल १८ चे ग्राउलिथ हरवले की मुकाट १२९६ मोजतात. फायररेडमध्ये व्हीएस सीकर मिळतो, शंभर पावलं चाललं की चार्ज, मग जुन्या ट्रेनरला परत लढायला लावायचं, मला वाटलं होतं याच मंडळींवर घर चालवू, पण कॅप्टनकडून कट नावाची चाल घेऊन आपण उतरलो की जहाजच निघून जातं, जंटलमनांसकट. पैसेवाले लोक वेळेवर देश सोडतात हे तेव्हापासून आहे. ७.

सायकलिंग रोडवरचे बायकर दिसायला भयंकर. गाड्या, दाढ्या, टोळी करून उभे. आपण उतारावर आपोआप घसरत जातोय, हे अडवतात. आणि मग यांचा कॉफिंग सेल्फ डिस्ट्रक्ट मारतो. म्हणजे आपला एक घेऊन स्वतः मरतो. टोळीचं बिझनेस मॉडेल मला कळलेलं नाही. ६. पोकेमॉन टॉवरमधल्या चॅनेलर बायकांना मात्र मी रेटिंग देत नाही, त्यांच्या अंगात आलेलं असतं, हरल्यावर शुद्धीवर येतात आणि साध्या बोलतात, अशा वेळी मार्क देणं बरोबर नाही. व्हिक्टरी रोडवरचे कूलट्रेनर? चांगली टीम, चांगले मूव्ह, वागायला रुबाबदार. म्हणून शून्य. फॉर्म्युला म्हणजे फॉर्म्युला.

एक माणूस या फॉर्म्युल्यात बसत नाही, जुन्या रेड-ब्लूमधला (रेड-ग्रीनची जपानबाहेरची आवृत्ती) रूट ८ वरचा गॅम्बलर. अंडरग्राउंड पाथमधून बाहेर आलं की खाली उभा असतो. तो स्क्रीनवर दिसणार त्याच पावलाला स्टार्ट दाबायचं आणि फ्लाय मारून सेरुलियनला पळायचं. मागे त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं पण आपण उडालेलो असतो. आता गेमच्या डोक्यात एक लढाई अडकून राहते. मग रूट २५ वर स्लोपोकवाला एक यंगस्टर आहे, त्याच्याशी लांबून नजर जुळवायची, तो चालत यायला हवा, त्याला हरवायचं, लॅव्हेंडरला जायचं आणि परत रूट ८ वर पाऊल टाकायचं. मेनू आपोआप उघडतो, बंद केला की समोर लेव्हल ७ चा म्यू, एरवी गेममध्ये न सापडणारा पोकेमॉन. कारण त्या स्लोपोकचा स्पेशल (ताकदीचा एक आकडा) २१ आणि गेमच्या आतल्या यादीत म्यूचा नंबरही २१. जगभरातली पोरं वर्मिलियनच्या बंदरावरच्या ट्रकखाली म्यू शोधत बसली होती आणि म्यू होता एका जुगाऱ्याला टांग देण्यात आणि एका बिनमहत्त्वाच्या पोराच्या स्लोपोकमध्ये. २००३ मध्ये हे बाहेर आलं. फायररेडमध्ये चालत नाही, उगाच ट्राय करू नका. गॅम्बलरला ८, स्लोपोकवाल्याला १०, त्या बिचाऱ्याला अजूनही माहीत नसेल.

आणि आता इनबॉक्समध्ये येणारच आहात म्हणून सांगतो, यंगस्टर जोई यादीत नाही कारण तो जोहटोचा, म्हणजे गोल्ड-सिल्व्हर या नंतरच्या गेममधल्या प्रदेशाचा, ही यादी कान्टोची. असता तरी ७ च्या वर गेला नसता. त्याचा रटाटा जगातल्या टॉपच्या रटाटांपैकी आहे हे एकदा सांगितलं तर मजा आहे, पण हा माणूस नंबर घेतो आणि फोन करून करून तेच सांगतो, आपण गुहेत असो, घाईत असो. हाफ पँटवाल्याने कधी फोन केला का? त्याला जे सांगायचं होतं ते त्याने तोंडावर सांगितलं आणि विषय संपवला. गोल्ड-सिल्व्हरमध्ये पोकेगियर या गेममधल्या फोनवरून नंबर डिलीट करायची सोय आहे, ती बहुतेक याच्यासाठीच ठेवलीय.